उंबरठ्यातली ड्यूटी

मावशीने कवळी काढून डबीत ठेवली आणि डबी मुंगीच्या हातात दिली.

"सांभाळ. हरवलीस तर आयुष्यभर मला सगळं मिक्सरमधून काढून द्यावं लागेल."

"गप्प बस जरा. दात काढल्यावर तू काय बोलतेस ते निम्मं कळत नाही."

"निम्मं कळतं ना? मग पुष्कळ झालं. तुझ्या काकांना दात असतानाही कळायचं नाही."

मुंगी हसली. तिचं हे नाव मावशीनेच ठेवलेलं. लहानपणी ती एकेक वस्तू उचलून आपल्या कोपऱ्यात नेऊन रांगेत लावायची, कुणाशी काही न बोलता. आता ती याच हॉस्पिटलच्या बिलिंग विभागात होती आणि काम जवळपास तेच होतं. डॉक्टरांनी काय काय केलं ते वाचायचं, त्यातल्या प्रत्येक गोष्टीला ठरलेला कोड लावायचा, आणि तो विमा कंपनीकडे पाठवायचा. सहा वर्षं ती मागच्या इमारतीतल्या बिनखिडकीच्या खोलीत बसून हे करत होती. दुर्बिणीच्या तपासण्यांचा हा मजला तिने कागदावर हजारदा पाहिला होता. डोळ्यांनी आज प्रथमच पाहत होती, तोही पेशंटची नातेवाईक म्हणून.

मावशीच्या मोठ्या आतड्यात एक गाठ होती. दुर्बीण घालून ती काढायची, आणि ती कसली आहे हे बघायला पाठवायची. दोन महिन्यांनी ही तारीख मिळाली होती. काल दिवसभर मावशीने पोट साफ करायचं औषध घेतलं होतं, आणि त्या औषध शोधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. आता ती खाटेवर हिरव्या झग्यात पडून होती, पण जीभ मात्र जागेवर होती.

मुंगीचा फोन वाजला. बिलिंगचे साहेब. कालच्या तीन केसेस परत आल्या होत्या आणि रजेवर असलेल्या माणसाला विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. ती फोन घेऊन जिन्यापाशी गेली. परत आली तेव्हा मामा, म्हणजे खाटा ढकलणारे वॉर्डातले मामा, मावशीच्या खाटेचा ब्रेक सोडत होते.

"आत नेताय?"

"हो ताई. सिस्टर येऊन प्रश्न विचारून गेल्या."

"काय गं, काय विचारलं?"

"काय न् काय," मावशी म्हणाली. "दमा आहे का, ॲलर्जी आहे का. घोरता का म्हणे. म्हटलं, मी? आमच्या घरात कुणी घोरत नाही. बायकामाणसाला असलं विचारतात का?"

मुंगी हसली. मामाही हसले. खाट वळली, दोन फळ्यांचं दार उघडलं, मावशीचा हात वर झाला आणि दार मिटलं.

मग मुंगीचं हसू तोंडावरच थांबलं.

मावशी घोरायची. घोरायची म्हणजे शेजारी भिंतीवर ठोकायचे. सूर चढत चढत जायचा आणि एकाएकी तुटायचा. त्या तुटलेल्या जागी काहीच नसायचं, श्वाससुद्धा. लहानपणापासून मुंगी त्या शांततेत जागी व्हायची आणि अंधारात डोळे उघडे ठेवून पडून राहायची. मग एक जोराचा फुर्रऽ व्हायचा आणि गाडी पुन्हा सुरू. घरात त्याच्यावर विनोद होते. एकदा मुंगीने डॉक्टरकडे चल म्हटलं तर मावशी आठ दिवस बोलली नव्हती.

गुंगीच्या औषधात अशा माणसाचा घसा आतून सैल पडतो. एरवी झोपेत श्वास अडला की शरीर दचकून उठतं. गुंगीत ते दचकणंच नाहीसं होतं. मुंगी विज्ञान शिकलेली होती, आणि वर तिने सहा वर्षं असल्या नोंदी वाचल्या होत्या. म्हणून तर तो प्रश्न विचारतात. त्याचं उत्तर हो आलं की औषध बेताने देतात, किंवा भूलतज्ज्ञाला बोलावतात.

ती दारापाशी गेली. मामा रिकाम्या हातांनी बाहेर येत होते.

"मामा, सिस्टरशी एक मिनिट बोलायचं होतं. मावशी घोरते. तिने खोटं सांगितलं."

"आता कसं, ताई? दोन्ही खोल्या एकदम चालू झाल्या. सिस्टर आज एकट्याच आहेत. दुसऱ्या रजेवर."

"एकट्या? मग दोन्हीकडे?"

"उंबरठा ड्यूटी," मामा म्हणाले, जणू पाणी भरायला गेल्या आहेत असं सांगावं तसं.

हा शब्द मुंगीला चांगला माहीत होता. छोट्या प्रक्रियांना भूलतज्ज्ञ नसतो. दुर्बीण घालणारा डॉक्टरच गुंगीचं औषध देतो. त्या गुंगीचा वेगळा कोड आहे, आणि त्याला एक अट आहे. डॉक्टरचे डोळे दुर्बिणीच्या पडद्यावर असणार, म्हणून खोलीत आणखी एक शिकलेलं माणूस हवं, जे फक्त पेशंटकडे बघेल. त्याच्या हातात दुसरं काम द्यायचं नाही. मुंगीला ही अट आवडायची. सगळ्या किचकट नियमांत ही एकच अशी होती की जिच्यात कुणाचा तरी जीव दिसत होता.

पण या मजल्यावर माणसं कमी पडली की एकच सिस्टर दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभी राहायची. मुंगीने पहिल्यांदा एकाच वेळच्या दोन खोल्यांच्या नोंदींवर एकच सही पाहिली तेव्हा साहेबांना विचारलं होतं. साहेब म्हणाले होते, "मधलं दार उघडं असतं ना? तिला दोन्हीकडचं दिसतं. म्हणजे ती दोन्हीकडे हजर. लाव कोड." मुंगीने मनात एक ऐसपैस दालन रंगवलं होतं, मधे रुंद कमान, कमानीत सिस्टर, डावीउजवीकडे दोन शांत झोपलेली माणसं. आणि कोड लावला होता. तेव्हापासून लावत आली होती.

बाकावर एक बाई बसली होती. मांडीवर नवऱ्याचे बूट, बुटांत मोजे गुंडाळून ठेवलेले. नवरा टॅक्सी चालवायचा. अन्ननलिका अरुंद झाली होती, ती फुगा घालून रुंद करायला त्याला दुसऱ्या खोलीत नेलं होतं.

"तुमचं कोण?" बाईने विचारलं.

"मावशी."

"आमच्या ह्यांना घास उतरत नाही. मला म्हणे, तुझ्या हातचं खाऊन घसा रुसलाय." ती हसली आणि बूट घट्ट धरले. "भीती वाटते का हो?"

मुंगीला उत्तर द्यायला वेळ मिळाला नाही. दाराआडून आवाज यायला लागला होता. घोरण्याचा. बाईने हसून तोंडाला पदर लावला. मामांनी भुवया उडवल्या.

सूर चढला. आणखी चढला. मुंगी उभी राहिली. दार ढकलून आत जाणं म्हणजे काय ते तिला कळत होतं. तपासणी रद्द होईल, पुन्हा दोन महिने, पुन्हा ते औषध, आणि ती गाठ तोवर आत. शिवाय ती इथली नोकर. बिलिंगची पोरगी खोलीत घुसली, हे संध्याकाळपर्यंत साहेबांच्या कानावर जाईल. आत मोठे डॉक्टर आहेत, सिस्टर आहे, यंत्रं आहेत. तिच्यापेक्षा त्यांना जास्त कळतं.

सूर तुटला.

मुंगी थांबली. घरी जशी थांबायची तशीच, आपलाही श्वास धरून. फुर्रऽ यायला हवा होता. बाई काहीतरी बोलत होती. फुर्रऽ आला नाही.

तिने दार ढकललं.

"अहो ताई," मामा मागून म्हणाले, पण अडवलं नाही.

आत एक अरुंद बोळ होता आणि उजवीकडे पहिली खोली, अंधारलेली, पडद्यावर गुलाबी आतडं हलत होतं. डॉक्टर पाठमोरे, डोळे पडद्यावर, दोन्ही हात दुर्बिणीवर. मावशी कुशीवर, डोकं पलीकडे वळलेलं, नाकाखाली ऑक्सिजनची नळी, बोटाला चिमटा. यंत्र नेहमीच्या सुरात टिकटिकत होतं. आणि पलीकडच्या भिंतीत ते दार.

कमान नव्हती. साधं दार होतं, एक माणूस जेमतेम मावेल एवढं. त्यात सिस्टर उभी होती आणि तिची पाठ मावशीकडे होती. दुसऱ्या खोलीत टॅक्सीवाला खाटेवर हातपाय झाडत होता आणि तिथली तरुण डॉक्टरीण म्हणत होती, "सिस्टर, खांदा धरा, खांदा."

"मावशी श्वास घेत नाहीये," मुंगी म्हणाली.

डॉक्टरांनी मान वळवली. "कोण तुम्ही? बाहेर व्हा." मग सवयीने यंत्राकडे नजर टाकली. "ऑक्सिजनचा आकडा ठीक आहे."

"ती घोरते. घोरता घोरता तिचा श्वास थांबतो. आत्ता थांबलाय."

सिस्टर वळली. तिने यंत्राकडे पाहिलंही नाही. सरळ मावशीच्या छातीवर हात ठेवला, आणि दुसऱ्या क्षणी ती खाटेच्या डोक्याशी होती. दोन्ही हातांनी मावशीचा जबडा धरून पुढे उचलत म्हणाली, "सर, थांबा. हवा जात नाहीये. आकडा आत्ता पडायला लागेल."

आणि तो पडायला लागला. टिकटिकीचा सूर एकेक पायरी खाली उतरू लागला. डॉक्टर एका क्षणात दुसरेच माणूस झाले. "ऑक्सिजन वाढवा. मी दुर्बीण बाहेर घेतो. उताऱ्याचं औषध कुठंय?"

"वरच्या कप्प्यात. सर, मला हात सोडता येणार नाही."

"सिस्टर!" पलीकडून हाक आली. "सिस्टर, यांच्याकडे कोण बघतंय?"

कुणीच बघत नव्हतं. खोलीतल्या सगळ्यांना ते एकाच वेळी कळलं. सिस्टरने मान न उचलता मुंगीला विचारलं, "तुम्ही बिलिंगच्या ना? गळ्यातलं कार्ड दिसतंय. दारात उभ्या राहा. तिकडे तोंड करून. त्यांची छाती हलते का बघा आणि मोठ्याने सांगत राहा. बाकी काही करू नका."

"पण मावशी..."

"मावशी माझ्या हातात आहेत. जा."

मुंगी उंबरठ्यात जाऊन उभी राहिली, मावशीकडे पाठ करून.

टॅक्सीवाला आता शांत झाला होता, जरा जास्तच शांत. डॉक्टरीणबाई नळी हळूहळू मागे घेत होती. "घाईत काढता येत नाही," ती स्वतःशीच म्हणाली. "सांगा, ताई."

"हलते," मुंगी म्हणाली. उघड्या छातीवर पांढरे केस होते आणि एक जुना व्रण. "हलते... हलते..."

मागे टिकटिक खालच्या सुरात गेली होती. कप्पा उघडल्याचा आवाज. काचेचं काहीतरी फुटल्याचा. "मावशी, श्वास घ्या," सिस्टर म्हणत होती, "ऐकू येतंय का? श्वास घ्या, मावशी." टिकटिक आणखी एक पायरी उतरली. मुंगीच्या मानेतली प्रत्येक शीर मागे वळू पाहत होती. दार इतकं अरुंद होतं की दोन्ही खांदे चौकटीला लागत होते. इथून दोन्हीकडचं दिसतं, साहेब म्हणाले होते. दिसत होतं. पण एका वेळी एकच. एकीकडे बघायचं तर दुसरं माणूस तुमच्या पाठीमागे असतं, आणि पाठीला डोळे नसतात.

"हलते," ती म्हणाली. "हलते..."

आणि ती वळली. एकदाच. पापणी लवेल एवढंच. मावशीचे ओठ तिला दिसले, कवळीशिवाय आत गेलेले, निळसर.

"ताई! इकडे!"

ती परत फिरली तेव्हा टॅक्सीवाल्याच्या तोंडातून पिवळं पाणी येत होतं. गालावरून उशीवर ओघळलेलं. म्हणजे ते आत्ताच सुरू झालं नव्हतं. डॉक्टरीणबाईने नळीची उरलेली लांबी ओढून काढली, त्याला आणखी कुशीवर लोटलं, पाणी ओढून घ्यायच्या यंत्राची नळी त्याच्या तोंडात घातली. तो खोकला. घुसमटून, कितीतरी वेळ खोकत राहिला.

"छाती?"

"हलते," मुंगी म्हणाली. तिचा आवाज तिला ओळखू आला नाही. ती परत वळली नाही. मागे काय चाललंय ते ऐकत, समोरच्या पांढऱ्या केसांवर नजर खिळवून ती म्हणत राहिली, "हलते. हलते."

मग मागून तो आला. फुर्रऽ. मोठा, बेसूर, शेजारी भिंत ठोकतील असा. टिकटिकीने एकेक पायरी चढायला सुरुवात केली. सिस्टरने सोडलेला श्वाससुद्धा मुंगीला ऐकू आला. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण तिने हात वर नेला नाही, कारण पुसायचं म्हणजे मधे क्षणभर दिसणार नाही.

दोन्ही तपासण्या अर्ध्यावर थांबल्या. मावशीची गाठ राहिली. मोठे डॉक्टर बोळात येऊन मुंगीसमोर उभे राहिले. त्यांनी टोपी काढली होती.

"मी वळून बघायला हवं होतं," ते म्हणाले. "मला वाटलं, सिस्टर आहे." मग म्हणाले, "पुढच्या वेळी यांच्यासाठी भूलतज्ज्ञ बोलवू. तारीख मी स्वतः लवकरची देतो."

बाहेरच्या रिकव्हरीच्या खोलीत दोन खाटा शेजारी शेजारी लावल्या होत्या. मावशी झोपली होती. बोटाला चिमटा, आणि पायाशी सिस्टर स्टूल ओढून बसलेली. पलीकडे टॅक्सीवाला अधूनमधून खोकत होता. त्याच्या छातीचा फोटो काढायला सांगितलं होतं, पाणी फुफ्फुसात गेलं असेल तर कळावं म्हणून. आजची रात्र त्याला इथेच राहायचं होतं. बायकोने बूट खाटेखाली जोडीने लावून ठेवले होते.

"डॉक्टरबाई म्हणाल्या, तुम्ही आत होतात," ती मुंगीजवळ येऊन म्हणाली. "ह्यांच्याकडे लक्ष ठेवून होतात म्हणे. फार बरं केलंत."

मुंगीच्या हातात कवळीची डबी होती. ती तिने एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"पूर्ण वेळ नव्हतं," ती म्हणाली. "मधे मी मावशीकडे वळून पाहिलं. तेवढ्यात त्यांना उलटी झाली. मला उशिरा दिसलं."

बाई तिच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय येतंय याची मुंगी वाट पाहत होती. राग आला असता तर बरं झालं असतं.

"मग तिथली बाई कुठे होती?" बाईने विचारलं. "ती बघणारी?"

"ती मावशीपाशी होती. दोघांना एकच होती."

"दोघांना एकच," बाई म्हणाली. तिने सिस्टरकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि जाऊन त्याच्या उशाशी उभी राहिली. काही वेळाने तिने त्याच्या छातीवर हात ठेवला आणि काढला नाही.

सिस्टर उठून मुंगीजवळ आली. तिच्या हातात दोन पाट्या होत्या, प्रत्येकीला एकेक नोंद अडकवलेली. तिची सही मुंगीला चांगली माहीत होती. शेवटच्या अक्षराला लांब शेपूट. चेहरा मात्र आज पाहिला. पन्नाशीचा, थकलेला, कपाळावर टोपीच्या इलॅस्टिकचा वळ.

"मी तीनदा सांगितलंय वर," ती हळू आवाजात म्हणाली. "एकटी असले की एकच खोली चालवा म्हणून. म्हणतात, बिलात तर सगळं बरोबर जातंय, मग अडचण काय?"

मुंगीने पाट्यांवरच्या त्या नोंदींकडे पाहिलं.

"तुमच्या मावशींच्या नोंदीवर मी सही करते. शेवटी मी तिथे होते, सुरुवातीला नव्हते, तेही लिहिते. पण ह्यांच्यात," तिने टॅक्सीवाल्याच्या कागदावर बोट ठेवलं, "पेशंटकडे कोण बघत होतं, तिथे काय लिहू?"

"काही लिहू नका. रिकामं ठेवा."

"रिकामं ठेवलं तर कोड लागत नाही ना तुमचा?"

"नाही लागत."

"मग मला बोलावतील."

"आधी मला बोलावतील. रोज एक रिकामं आलं, तर रोज बोलावतील."

सिस्टरने तिच्याकडे निरखून पाहिलं. मग पेनाचं टोपण लावलं, पेन खिशात टाकलं आणि ती पलीकडे टॅक्सीवाल्याच्या खाटेकडे गेली.

मुंगीचा फोन वाजला. साहेब. बातमी खरंच उडत पोचली होती.

"अगं, काय ऐकतोय मी? मावशी बऱ्या आहेत ना? बरं झालं. हे बघ, त्या दोन केसेस अर्ध्यावर थांबल्या, म्हणजे त्यांना तो अर्धवटचा कोड लागेल, पण गुंगी तर दिलीच होती. ती नेहमीसारखी लावून टाक उद्या. उगाच गुंता नको."

"मावशीची मला लावता येत नाही, सर. नात्यातली आहे."

"ती मी दुसऱ्याला देतो. दुसरी तू लाव."

"तीही लावता येत नाही."

"का? उंबरठ्यात होती ना सिस्टर?"

"उंबरठ्यात मी होते, सर."

पलीकडे खुर्ची करकरली. "म्हणजे?"

"म्हणजे कुणीच नव्हतं. आणि याच्या आधीही नव्हतं. मी आज तिथे उभी राहिले म्हणून सांगते, तिथून दोघं दिसत नाहीत. उद्या मी आधीच्याही केसेस काढते. तुम्ही बरोबर बसा, किंवा मी एकटी बसते."

"तू आत्ता घाबरलेली आहेस," साहेब म्हणाले. "उद्या शांतपणे बोलू."

"हो. उद्या बोलू."

तिने फोन ठेवला तेव्हा मावशीने डोळे किलकिले केले होते. जीभ अजून जड होती.

"झालं?"

"नाही. अर्ध्यावर थांबवलं. परत यायचंय."

"परत ते औषध प्यायचं?" मावशीने डोळे मिटले. "का थांबवलं?"

"तू घोरत होतीस."

"मी?" मावशी म्हणाली. "आमच्या घरात..."

वाक्य पुरं व्हायच्या आत तिला पुन्हा झोप लागली. सूर चढू लागला. खोलीच्या या टोकाला मुंगी आणि त्या टोकाला सिस्टर, दोघींनी हातातलं सोडून एकाच वेळी माना वळवल्या, आणि बघत राहिल्या.